हापूसवर रायवळ

हापूसच्या झाडावर रायवळची फांदी बांधणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. सगळं कोकण रायवळच्या खुंटावर हापूस बांधतं. आंबट मुळावर गोड फांदी, हा साधा व्यवहार. शिरसाठ मास्तरांनी उलटं केलं, तेही दुसऱ्याच्या झाडावर, आणि तेही बायबलातल्या पौलाला साक्षी ठेवून.

परवा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बायकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. कोट घातलेला एक उपदेशक नकाशावर लाल बाण फिरवत इस्राएलाची पुनःस्थापना, शेवटचा काळ, प्रभूचं येणं वगैरे समजावत होता. खाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. सून म्हणाली, "आई, तुम्ही पण काहीतरी लिहा, सगळ्यांत जुन्या तुम्हीच." मी लिहिलं, "नकाशा बरा आहे, पण शिरसाठ मास्तरांच्या नकाशात वडाळे तलाव होता." कुणाला काही कळलं नाही. सून म्हणाली, डिलीट करा. केलं. आणि हे लिहायला बसले. हे डिलीट करायचं तर तिला आधी वाचावं लागेल.

मी लग्न होऊन नगरहून पनवेलला आले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. त्यानंतर ज्ञान कमी कमीच होत गेलं. माहेरी तीन पिढ्या ख्रिस्ती, घरात जुना करार असा वाचला जायचा जसं इतर घरांत पंचांग. संदेष्टे मला ओळीने पाठ होते. सासरी यांना एकच संदेष्टा माहीत होता, योना, तोही त्याला गिळणाऱ्या माशामुळे.

आमचं घर जुन्या पनवेलात. भिंतीला भिंत शिरसाठ मास्तर, आणि मास्तरांच्या कुंपणापलीकडे मोझेस वावंजेकर. मोझेसभाऊ बेने इस्राएल. पनवेलात त्यांची जुनी वस्ती, आणि त्यांचं प्रार्थनामंदिर, ज्याला गावात सगळे यहुद्यांची मशीद म्हणतात. कोण्या काळी गलबत फुटून किनाऱ्याला लागलेल्यांचे हे वंशज. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवारतेली म्हणायचे. मोझेसभाऊंनी तेल सोडून ग्रीस धरलं होतं. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या दारात एक हापूस होता, त्यांच्या वडिलांनी लावलेला, आणि हानावहिनी त्या झाडाकडे सासऱ्याकडे बघावं तशा बघायच्या. आदराने, आणि जरा लांबून.

शिरसाठ मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या खिशात कायम खडू. त्यामुळे छातीवर डाव्या बाजूला एक पांढरा डाग असायचा, जणू हृदय कुठे आहे ते कुणी खूण करून ठेवलंय. बायको लवकर गेलेली, मुलगी पुण्याला दिलेली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "लक्षात आलं?" विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. चहा बशीत ओतायचे आणि तो निवेपर्यंत एक देश संपवायचे.

रविवारी उपासनेनंतर त्यांच्या ओटीवर भविष्यवाणीचा वर्ग भरायचा. मास्तरांचा विषय एकच, देवाने इस्राएलाला त्याच्या देशात परत आणायचं वचन दिलंय ते. कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी स्वतः पवित्र भूमीचा नकाशा काढला होता, आणि आम्हाला अंतरं कळावीत म्हणून सगळं पनवेलच्या मापात. गालील समुद्र म्हणजे आपला वडाळे तलाव, पण कितीतरी पट मोठा. यार्देन म्हणजे गाढी नदी. मृत समुद्र म्हणजे उरणची मिठागरं. यरुशलेम उंचावर, म्हणजे कर्नाळ्याचा किल्ला. परिणाम असा झाला की पुढे कित्येक वर्षं मी डोळे मिटून प्रार्थना करताना यरुशलेमवर कर्नाळ्याचा सुळका दिसायचा.

मंडळीचे पाळकसाहेब याच्या अगदी विरुद्ध शिकवायचे. त्यांचं म्हणणं, आता इस्राएल म्हणजे मंडळी. जुनी सगळी वचनं आपल्याला लागू, आणि तीही आत्मिक अर्थाने. देश, वेस, नदी हे सगळं रूपक. मास्तर हे ऐकून उपासनेतच घसा खाकरायचे.

"देव अलंकार वापरत नाही," ते बाहेर येऊन म्हणायचे, "देव पत्ता देतो. आणि मी म्हणतो, शाप तेवढे त्यांचे त्यांना ठेवले आणि आशीर्वाद तेवढे आपण उचलले? याला अर्थ लावणं म्हणत नाहीत. याला देवळाबाहेरून नवी चप्पल घालून येणं म्हणतात. लक्षात आलं?"

पाळकसाहेब शांत माणूस. ते एकदाच म्हणाले, "मास्तर, तुम्ही भूगोल शिकवता. तुम्हाला स्वर्गात गेल्यावरसुद्धा नकाशा लागेल."

मी अर्थात मास्तरांच्या बाजूची. मला तर तो वर्ग म्हणजे मेजवानी वाटायची. यहुदी परत गेले की शेवट जवळ, हे गणित मी असं पाठ केलं की आळीतलं एखादं इस्राएल कुटुंब ट्रंका बांधून निघालं की मी आभाळाकडे बघायची. पहिल्याच उन्हाळ्यात तशी दोन घरं रिकामी झाली, आणि मी लोणचं घातलं नाही. मुरायला वेळ लागतो, तेवढा आता राहिलेला नाही, असं मी यांना गंभीरपणे सांगितलं. यांनी पेपर खाली केला. "घाल गं. प्रभू आला तर शेजाऱ्यांना होईल, नाही आला तर आपल्याला." त्या वर्षी प्रभू आला नाही, आणि आम्ही पावसाळाभर हानावहिनींकडून वाटी वाटी लोणचं मागून आणलं.

त्याच उत्साहात एकदा मी हानावहिनींच्या मागल्या दारी गेले. उरणकडची एक मासेवाली त्यांच्यासमोर पाटी उतरून बसली होती. त्यांना खवल्यांचा मासा लागतो, कोळंबी चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती बोलता बोलता पाटीतली कोळंबी एका बाजूला सारून ठेवत होती. मी पदर सावरून हानावहिनींना म्हणाले की, तुमच्या लोकांना परत न्यायचं देवाचं वचन आहे, यहेज्केल संदेष्ट्याने सांगितलंय, सुकलेली हाडंसुद्धा उठून चालायला लागणार आहेत. तर तुम्ही कधी निघताय?

हानावहिनींनी माशाचा कल्ला उघडून बघितला. "आत्ता नाही जमायचं, करुणे. पापड वाळत घातलेत."

मासेवाली काळजीत पडली. "सगलेच जानार? मंग ह्या आळीत खवल्याची मासली कोन घेल? ह्या नगरवालीला तर बोंबीलपन वळखता येत नाय."

मी घरी आले. बोंबील मला खरंच ओळखता येत नव्हता.

मास्तरांचा वर्ग चालू असताना मोझेसभाऊ कुंपणापलीकडे आपल्या हापूसखाली खुर्ची टाकून बसायचे. ऐकत नाही असं दाखवायचे, पण ऐकायचे. मास्तरांना ते फार सोयीचं होतं. यहुदी म्हटलं की हात करायला खरा यहुदी हजर. "हे बघा, हेच ते लोक," असं म्हणून ते खडूने मोझेसभाऊंकडे बोट करायचे, आणि मोझेसभाऊ बनियनमध्येच जरा सरळ बसायचे. एकदा मात्र ते उठून कुंपणाशी आले.

"मास्तर, एक विचारू? आम्ही सगळे तिकडे गेलो, की पुढे काय होतं तुमच्या हिशेबाने?"

मास्तर घुटमळले. "पुढे... संकटाचा काळ येतो."

"कुणावर?"

"मुख्यतः... तुमच्यावर."

"आणि त्याच्या पुढे?"

"उरलेले प्रभूला ओळखतात."

"म्हणजे आम्ही सामान बांधून जायचं, तिकडे मार खायचा, आणि मग ख्रिस्ती व्हायचं." मोझेसभाऊंनी कुंपणाच्या तारेवर हात टेकला. "एवढ्यासाठी लांब कशाला? पनवेलात इस्राएल तलाव आहे, हवं तर त्यात बुडवा."

सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी खडू खिशात ठेवला आणि म्हणाले, "तो भाग मी वर्गात घेत नाही." आणि खरंच, त्यानंतर तो भाग त्यांनी कधीही घेतला नाही. परतीपर्यंत आणायचे आणि थांबायचे.

मोझेसभाऊंची आणखी एक तक्रार असायची. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. "तुमची भविष्यवाणी जसजशी पुरी होते," ते म्हणायचे, "तसतसं आमचं मिन्यान मोडतं. देवाला परत बोलवायचंच होतं तर दहा-दहाचे गट करून बोलवायचं." मग मास्तर त्यांना समजवायचे की घाई नाही, देवाचा एक दिवस हजार वर्षांचा. मोझेसभाऊ म्हणायचे, मग आजची संध्याकाळ बरीच मोठी आहे, बुद्धिबळ काढा.

या दोघांचं खरं नातं रविवारचं नव्हतं, शनिवारचं होतं. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मोझेसभाऊ विजेच्या बटणाला हात लावत नसत. आणि आमच्याकडे पाणी यायचं ठरलेल्या वेळेला, मोटार लावली नाही तर टाकी कोरडी. त्यांच्यात दुसऱ्याला सांगून काम करून घेणंही चालत नाही, सांगितलं की ते आपण केल्यासारखंच. पण मनाशी बोलायला बंदी नाही. त्यामुळे शनिवारी पाण्याच्या वेळेला हानावहिनी अंगणात यायच्या, आमच्या कुणाकडे न बघता आभाळाला सांगायच्या, "आज टाकी फार रिकामी वाटते बाई."

कुंपणाच्या अलीकडून मास्तर उठायचे, फाटक उघडून जायचे, मोटारीचं बटण दाबायचे. टाकी भरून वाहायला लागली की हानावहिनी पुन्हा आभाळाला सांगायच्या, "पाऊस पडल्यासारखा आवाज येतोय." मास्तर बटण बंद करायचे. जाताना म्हणायचे, "प्रभूने शब्बाथच्या दिवशी आजारी बरे केले. माझ्या वाट्याला मोटार आली." मग त्यांना शुक्रवारी करून ठेवलेलं गार जेवण वाढलं जायचं, आणि ते इतक्या मनापासून जेवायचे की मला वाटायचं, मोटार हे निमित्त असावं. वर्षानुवर्षं हे चाललं. मास्तरांनी त्या बटणासाठी एकही शनिवार पनवेल सोडलं नाही. मुलीकडे पुण्याला जायचे ते रविवारच्या वर्गानंतर, आणि शुक्रवारी परत.

आता कलमाची गोष्ट.

एका रविवारी पाळकसाहेबांनी पौलाचा जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, झाडाचा दृष्टान्त घेतला. इस्राएल म्हणजे लावणीचं जैतून, त्याच्या काही फांद्या तोडल्या, आणि आपण परराष्ट्रीय म्हणजे रानजैतून, आपल्याला तिथे कलम करून लावलं. साहेबांचा भर तोडलेल्या फांद्यांवर. मास्तर खाकरले. बाहेर येऊन म्हणाले, "फांद्या तोडल्या, पण मूळ कुणाचं? आपण मुळाला उचलून धरलेलं नाही, मूळ आपल्याला धरून आहे. हे साहेब सांगत नाहीत."

कुंपणापलीकडून मोझेसभाऊ म्हणाले, "पौल हे लिहितो? रानटी फांदी चांगल्या झाडावर?"

"हो."

"मग त्याने बाग बघितलेली नाही. असं कलम कुणी करत नाही. रायवळवर हापूस करतात."

मास्तरांचे डोळे चमकले. पौलाला हे माहीत होतं, तो स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे, तोच तर त्याचा मुद्दा, असं ते भराभर सांगत सुटले, आणि सांगता सांगता थांबले. त्यांच्या परसात एक रायवळ होता, इतका आंबट की कावळेसुद्धा एकदा चोच मारून शहाणे व्हायचे. समोर मोझेसभाऊंचा हापूस. मास्तर एकदा मागे बघायचे, एकदा पुढे. मला तेव्हाच कळलं की आता काहीतरी होणार. मी टाळ्या वाजवल्या. अक्कल नसली की माणूस पटकन टाळ्या वाजवतो.

हानावहिनींचा साफ नकार होता. सासऱ्यांचं झाड, आणि त्यावर ही आंबट फांदी? मोझेसभाऊंनी वेगळाच प्रश्न काढला. त्यांच्या धर्मशास्त्रात दोन वेगळ्या जातींचं कलम चालत नाही. ते मशिदीत जाऊन जाणत्यांना विचारून आले. जाणत्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली आणि सांगितलं की आंबा तो आंबा, गोडी-आंबटीची जात वेगळी धरत नाहीत. मग मोझेसभाऊंनी अट घातली. "एकच फांदी. रस्त्याकडची. आंबे लागले तर तुमचे, पानं पडली तर तुम्ही झाडायची."

मास्तरांनी भूगोलाच्या शिस्तीने पाचर कलम केलं. जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली, वर प्लास्टिक. पहिलं सुकलं. पुढच्या वर्षी दुसरं केलं, तेही सुकलं. पाळकसाहेब येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, जे जास्त लागतं. तिसऱ्या वेळी हानावहिनी कमरेला पदर खोचून पुढे आल्या. म्हणाल्या, "मास्तर, तुमची पट्टी सैल आहे. देवाचं नाव घेऊन सैल बांधलं तरी सैलच." त्यांनी स्वतः आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून आवळून बांधली. ती फांदी धरली.

रायवळच्या फांदीला आंबे लागले त्या वर्षी निम्मी आळी बघायला आली. एकाच झाडावर तिकडे हापूस आणि रस्त्याकडच्या फांदीवर बारके, गोल, हिरवेगार रायवळ. मास्तर छत्रीच्या टोकाने दाखवत होते, हे इस्राएल, हे आपण, मूळ एक. लक्षात आलं? पाळकसाहेबही आले. मास्तरांनी एक आंबा कापून त्यांना फोड दिली. साहेबांनी ती खाल्ली, डोळे घट्ट मिटले, आणि बऱ्याच वेळाने उघडून म्हणाले, "मास्तर, इस्राएलाच्या मुळावर चढूनसुद्धा ख्रिस्ती आंबटच राहिला की हो."

मास्तर इतके हसले की त्यांना ओटीवर बसवून पाणी द्यावं लागलं. त्यांना कुणी जिंकलेलं चालायचं, फक्त नीट जिंकायला हवं. आणि त्या फांदीचं खरं कौतुक केलं ते हानावहिनींनी. त्या वर्षापासून त्यांनी लोणच्याला दुसरी कैरी वापरली नाही. जिच्यावरून भांडल्या, तिच्याखाली सकाळी उठून पडलेल्या कैऱ्या वेचायच्या आणि म्हणायच्या, ही मास्तरांची फांदी, हिला कुणी हात लावू नका.

आम्ही नंतर नवीन पनवेलच्या खांदा कॉलनीत राहायला गेलो, पण माझा रविवार जुन्या पनवेलातच जायचा. वर्ग आटत गेला, वर्गातली माणसं म्हातारी झाली. मोझेसभाऊंचा मुलगा आणि मुलगी दोघं केव्हाच इस्राएलला गेलेली, अश्दोदला. मुलं फोनवर बोलवायची, मोझेसभाऊ टाळायचे. मास्तर मात्र सवयीने म्हणायचे, "जा मोझेस, देवाने पत्ता दिलाय." ते वाक्य इतकं जुनं झालं होतं की 'जेवलात का' सारखं वाटायचं.

मग एका मार्चमध्ये हानावहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलगी येऊन राहून गेली, आणि जाताना म्हणाली की आता तुम्ही दोघांनी यायचंच. मोझेसभाऊ पहिल्यांदाच म्हणाले, बघतो.

आणि मास्तर बदलले. पुढच्याच रविवारी ते उपासनेत खाकरले नाहीत. नंतर पाळकसाहेबांना गाठून म्हणाले की तुमच्या म्हणण्यात तथ्य दिसतंय, इस्राएल ही शेवटी हृदयाची अवस्था आहे, भूगोलावर इतका भर देणं बरं नव्हे. वर्गात ते म्हणाले की 'देश' या शब्दाचा अर्थ व्यापक घ्यावा, माणूस जिथे देवाचं नाव घेतो तो देश, मग ते पनवेल का असेना. मी तोंडाला पदर लावला. जन्मभर पत्ता सांगणारा माणूस एका आठवड्यात रूपकाला लागला होता.

पाळकसाहेब तोवर निवृत्त झाले होते, पण जागेच होते. ते मास्तरांना म्हणाले, "मास्तर, मी इतकी वर्षं तुम्हाला हे पटवतोय. पण असं पटलेलं मला नको. तुम्हाला माझा अर्थ नकोय, तुम्हाला मोझेस हवाय."



त्यानंतरच्या रविवारी मी हानावहिनींची बरणी परत द्यायला गेले होते. वर्गाला कुणीच आलं नव्हतं. मोझेसभाऊ स्वतः कुंपण ओलांडून आले, मास्तरांच्या ओटीवर बसले, विद्यार्थी बसायचे तिथे. हानावहिनी काठी टेकत मागोमाग. मी दाराशी बरणी घेऊन उभी. जावं की थांबावं ते कळेना, म्हणून थांबले.

"मास्तर," मोझेसभाऊ म्हणाले, "माझा निर्णय होत नाही. इथे माझी मशीद आहे, झाड आहे, बापाची माती आहे. मी गेलो तर मिन्यान आणखी एकाने कमी. हिला नातवंडं हवीत, मलाही हवीत. तुम्ही चाळीस वर्षं मला सांगताय. आज नीट सांगा. तुम्ही जा म्हणालात तर जातो. थांबा म्हणालात तर थांबतो, आणि हिला मी समजावीन."

हानावहिनींनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

मास्तरांनी चहा बशीत ओतला. निवला, तरी प्यायले नाहीत. भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं, मग कुंपणापलीकडच्या झाडाकडे. मला वाटलं, आता यहेज्केल निघणार, नाहीतर हृदयाची अवस्था निघणार. त्यांना कुठलाही अर्थ लावता आला असता, दोन्ही पाठ होते.

"मोझेस, भविष्यवाणीसाठी जाऊ नका," ते म्हणाले. "तिचं देव बघेल. नातवंडांसाठी जा. वहिनींचा गुडघा दुसऱ्यांदा असा झाला तर मी म्हातारा मोटार लावेन, पण उचलून कोण आणेल?"

"म्हणजे जा?"

"जा."

लक्षात आलं का, हे त्यांनी विचारलं नाही.

मे महिन्यात, निघायच्या आधी, मोझेसभाऊंनी घरी मलिदा केला. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने करतात तो, नवस फेडताना किंवा शुभ कामाच्या वेळी. गोड पोहे, वर खोबरं, आणि ताटात फळं मांडलेली. आम्हा ख्रिस्ती लोकांत असले नवस बसत नाहीत, आणि मास्तर त्यावर पूर्वी एक अख्खा रविवार बोलले होते. त्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी येऊन बसले आणि दोनदा पोहे मागून घेतले. ताटात केळं होतं, सफरचंद होतं, खजूर होता, झाडाचा हापूस होता, आणि त्याच्या शेजारी हानावहिनींनी तो बारका हिरवा रायवळ ठेवला होता. मास्तरांनी तो बघितला, आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

मोझेसभाऊंनी घर विकलं नाही. किल्ली मास्तरांकडे दिली. म्हणाले, पानं झाडायची अट अजून चालू आहे.

अश्दोदहून व्हिडिओ कॉल यायचे. मोझेसभाऊ सांगायचे, इथे आंबे मिळतात, पण नुसते गोड, भांडायला काही नाही. आणि इथे सगळे मला हिंदी म्हणतात. पनवेलात इस्राएल होतो, इस्राएलात येऊन हिंदी झालो. मास्तर म्हणायचे, म्हणजे कलम धरलं. हानावहिनी मागून ओरडायच्या, लोणचं पाठवा, लोणचं. ते मी घालायचे, त्याच फांदीच्या कैरीचं. हो, मीच, जिने प्रभूच्या भरवशावर एक अख्खं वर्ष लोणचं घातलं नव्हतं.

मग तिकडे युद्धाच्या बातम्या आल्या. त्या आठवड्यात मंडळीतली काही तरुण पोरं मास्तरांच्या ओटीवर धावत आली, मोबाइलवर तेच लाल बाण घेऊन. चिन्हं पुरी होताहेत मास्तर, तुम्ही सांगत होता तेच, वर्ग पुन्हा चालू करा. मास्तर तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून गुंडाळून ठेवलेला मी बघितला. ते म्हणाले, "तिथे मोझेस राहतो. दुसऱ्या मजल्यावर. चिन्हं तुम्ही दुसरीकडे बघा." पोरं गेली. संध्याकाळी फोन लागला. मोझेसभाऊ म्हणाले, भोंगा वाजला की सगळे आडोशाच्या खोलीत जातो, हानाच्या गुडघ्याला वेळ लागतो, पण ती लोणच्याची बरणी घेतल्याशिवाय निघत नाही. मास्तर फोनवर हानावहिनींवर रागावले. इतके रागावलेले मी त्यांना पाळकसाहेबांवरसुद्धा पाहिले नव्हते.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरांची मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली. त्यांचं ठरेना. मी भेटायला गेले तो शनिवार होता, पाण्याची वेळ. ओटीवर कुणी नव्हतं. कुंपणाशी गेले तर मास्तर मोझेसभाऊंच्या अंगणात उभे. घर बंद, खिडक्यांवर धूळ, अंगणात मात्र एक पान नाही. त्यांनी मला बघितलं नाही. खराटा भिंतीला टेकवला, झाडाखाली गेले, रस्त्याकडच्या फांदीला छत्रीच्या टोकाने हलकेच स्पर्श केला. मग वर आभाळाकडे बघितलं आणि मोठ्याने, हानावहिनींच्याच सुरात म्हणाले,

"आज टाकी फार रिकामी वाटते बाई."

थोडा वेळ थांबले. मग स्वतःच जाऊन बटण दाबलं.